बायनाबाईच्या अंगणातली माणसं

रश्मी वडशात राहायला आली आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी तिनं नवऱ्याला सांगून टाकलं, की शेजारच्या म्हातारीचं डोकं ठिकाणावर नाही, आपण दुसरं घर बघू. तिनं कुंपणापलीकडून स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. बायनाबाई रामटेके अंगणात एकट्याच उभ्या होत्या आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणत होत्या, "गुणवंतराव, तुमचं आज बंद. काल लय पानी पेले तुम्ही." मग दोन पावलं सरकून, "आन् तू काऊन मान टाकून बसली वं सुभद्रा? ऊन तं अजून निघालंच नाई." अंगणात चिटपाखरू नव्हतं.

नवरा समजूतदार होता. तो चौकातल्या पानठेल्यावर गेला, चौकशी केली आणि हसत हसत परत आला. "अवं, त्या कुंड्याइसंगं बोलते बाई. मेलेल्या मानसायच्या कुंड्या आहे त्या." हे ऐकून रश्मीची भीती कमी व्हायच्याऐवजी वाढली, आणि त्यात तिचा काही दोष नव्हता. शिलाई मशीन मांडायला आलेल्या पोरीला असं काही ऐकायला मिळालं तर ती दुसरं काय करणार?

तर त्या कुंड्यांची गोष्ट अशी.

फार वर्षांपूर्वी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात गुणवंतराव नावाचे बाबू होते. अंगानं काडी, पण हट्टानं बैल. त्यांची आई गावातल्या सरकारी दवाखान्यात भरती होती, आणि खाटेवरून तिला खिडकीतून दिसायचं काय, तर रिकाम्या सलाइनच्या बाटल्या, तंबाखूच्या खर्र्याच्या पन्न्या आणि एक बसकी कुत्री. गुणवंतरावांनी घरून दोन झाडं आणून त्या खिडकीखाली लावली. आई बरी होऊन घरी गेली, तरी हा माणूस संध्याकाळी ड्युटी संपली की झारी घेऊन दवाखान्यात हजर. अशा माणसाला आपल्याकडे लोक आधी येडा म्हणतात, मग त्याच्या मागं उभे राहतात. शाळेतल्या सुभद्राबाई आल्या, बाजारात मासोळ्या विकणारे लटारूभाऊ आले, एक शिंपी आला, पोस्टमन आला. मंडळाला नाव मोठं भारी दिलं, 'वडसा बागप्रेमी सेवा मंडळ'. गावानं ते नाव एकदाही उच्चारलं नाही. गाव त्यांना कुंडीवाले म्हणायचं.

बायनाबाई तेव्हा त्याच दवाखान्यात आया होत्या. नवरा धानाच्या गिरणीत हमाल होता, तो लग्नाच्या तिसऱ्या वर्षी वारला, पोरबाळ नव्हतं. घरी गेलं की भिंती, म्हणून त्या दवाखान्यातच जास्त वेळ काढायच्या. गुणवंतराव एखादे दिवशी आले नाहीत, की त्या हापशीवरून बादली भरून झाडांना टाकत. कोणी सांगितलं नव्हतं. गुणवंतरावांना ओली माती दिसायची आणि कोण पाणी घालतं ते कळायचं नाही. शेवटी एकदा त्यांनी बाईंना बादलीसकट गाठलं.

"तुम्ही मंडळात या."

"मी कायले जी? मह्यापाशी ना अंगन, ना कुंडी."

दवाखान्याच्या मागं एक फुटकी लोखंडी बादली पडली होती. गुणवंतरावांनी ती घरी नेली, तळाला भोकं पाडली, लाल रंग मारला आणि पांढऱ्या अक्षरांत वर लिहिलं, 'बायना'. मंडळाची रीतच होती ती. कुंडी मातीची असो, तेलाचा पिपा असो, रंग लाल आणि नाव पांढरं. हजेरीपट आणि रेशनकार्ड सोडून आपलं नाव कुठं लिहिलेलं बाईंनी तोवर पाहिलं नव्हतं. त्यांनी ती बादली डोक्यावर घेऊन बाजारातून घरी नेली, वळसा पडत असूनही.

त्यात त्यांनी लावली सदाफुली. सुभद्राबाईंना हसू आवरेना. "अवं, सदाफुली तं नालीच्या भेगीतबी उगवते."

"मंग बरं आहे न, बाई. मले जास्त मेहनत नाई," बायनाबाई म्हणाल्या, आणि पुढं जन्मभर त्यांनी दुसरं झाड आपल्या नावावर लावलं नाही.

कुंडीवाल्यांनी काय काय केलं ते सांगत बसलो तर रात्र पुरायची नाही. दवाखान्याचं अंगण फुलवलं, स्टेशनच्या फलाटावर कण्हेर लावली. हिवाळ्यात झाडीपट्टीतल्या नाटक कंपन्यांनी गावात ऑफिसं थाटली, की प्रत्येकाच्या दारात एक कुंडी नेऊन ठेवली. कंपन्या रोज रात्री वेगळ्या गावी प्रयोगाला, राजा-राणी झालेले नट दिवसभर झोपलेले, त्यामुळे त्या कुंड्यांना पाणीही यांनीच घातलं. गिरणीतल्या जळक्या कोंड्याची राखड मातीत कालवली की कुंडीतल्या मातीला भेग पडत नाही, हे त्यांनी अर्ध्या गावाला शिकवलं. पण गावानं त्यांना लक्षात ठेवलं ते मयतीच्या फुलांसाठी.

एटापल्लीकडची एक बाई दवाखान्यात वारली होती. सोबत फक्त नवरा. तो व्हरांड्यात बसून राहिला. गाडीत ठेवताना बाईच्या अंगावर एक फूल नव्हतं. बायनाबाई धावत घरी गेल्या आणि ओंजळभर सदाफुली खुडून आणली. त्या माणसानं त्यातली दोन फुलं पिशवीतल्या तिच्या घडीच्या लुगड्यात ठेवली, बाकीची बायकोच्या उशाशी. तेव्हापासून मंडळानं ठरवलं, की वडशात कोणाचीही मयत असो, कोणत्याही मोहल्ल्यातली असो, जवळच्या कुंडीवाल्यानं आपल्या झाडाची फुलं स्वतः घेऊन जायचं. दुसऱ्याच्या हाती पाठवायची नाहीत. ठेवायची, हात जोडायचे, परत यायचं.

मग मंडळातलाच शिंपी गेला. घरचे लोक दुःखात आणि पाहुण्यांत, कुंड्यांकडे कोण बघतो? आठवडाभरात सगळी झाडं करपली. गुणवंतरावांना हे फार लागलं. त्यांनी फर्मान काढलं, की यापुढं आपल्यातलं कोणी गेलं, तर तेरवी होवो किंवा बौद्धांचं पुण्यानुमोदन होवो, ते आटोपलं की बाकीच्यांनी हातठेला घेऊन जायचं आणि त्याच्या कुंड्या आपसात वाटून आणायच्या. वाढवायच्या. पण कुंडीवरचं नाव पुसायचं नाही. रंग गेला तर त्याच नावानं पुन्हा लिहायचं. माणूस गेला तरी कुंडी त्याचीच.

या नियमापायी एकदा मोठाच घोळ झाला. लटारूभाऊ पोटाच्या ऑपरेशनला नागपूरला गेले होते, घरचे सगळे सोबत. बाजारात कोणीतरी बातमी आणली, की लटारू गेला. गेला होता खरा, पण आरमोरीचा दुसराच लटारू. इकडे कुंडीवाल्यांनी डोळे पुसले, ठेला काढला आणि कुलूप लावलेल्या घराच्या अंगणातून झाडून सगळ्या कुंड्या उचलून आणल्या. महिन्याभरानं लटारूभाऊ पॅसेंजरमधून उतरले, घरी गेले, अंगण पाहिलं आणि टाके सांभाळत तडक गुणवंतरावांच्या दारात. तिथं त्यांची शेवंती ऐटीत उभी. ते पायरीवर बसले आणि अगदी बारीक आवाजात विचारते झाले, "मी मेलो का जी?"

गाव वर्षभर हसलं. पोरं लटारूभाऊंच्या टोपल्याजवळ येऊन विचारायची, मासोळी जिवंत आहे का, आणि तुम्ही? तेव्हापासून मंडळाच्या नियमाला शेपूट जोडलं गेलं, की हयात माणसाच्या कुंडीला हात लावायचा नाही. खात्री केल्याशिवाय ठेला हलवायचा नाही. बायनाबाई हे शेपूट नव्या येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायच्या.

पण नवे येणं थांबलं. जुने मात्र एकेक जात राहिले. पोस्टमन गेले. गुणवंतराव गेले, त्यांचा देशी गुलाब बायनाबाईंकडे आला. बाईंनी आता दवाखान्याची नोकरी संपवून, साठवलेल्या पैशांतून अंगणवालं घर केलं होतं, त्यामुळे कुंड्या त्यांच्याकडेच जास्त येऊ लागल्या. सुभद्राबाईंचा मोगरा आला. ठेला ढकलणारे हात कमी कमी होत गेले आणि ठेल्यावर चढायच्या कुंड्या वाढत गेल्या, कारण जो जायचा त्याच्या अंगणात आधी गेलेल्यांच्याही असायच्या. शेवटी उरले लटारूभाऊ आणि बायनाबाई. लटारूभाऊ संध्याकाळी येऊन पायरीवर बसत. फार बोलणं नसायचं. "गुणवंतरावाले मावा लागला वाटते," ते म्हणायचे. "चुना-तंबाखूचं पानी मारीन उद्या," बाई म्हणायच्या. झालं, एवढ्यावर संध्याकाळ निभायची.

यंदाच्या हिवाळ्यात, नाटकांच्या ऐन हंगामात, भोंगे लावलेल्या गाड्या गावभर फिरत असताना लटारूभाऊ गेले. यावेळी बाईंनी डोळ्यांनी पाहून खात्री केली. तेरवी झाली. ठेला ढकलायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून त्यांनी ऑटो केला. मागं कुंड्या रचल्या आणि शेवंतीची कुंडी मांडीवर घेऊन बसल्या. ऑटोवाल्यानं विचारलं, "बाई, नर्सरी टाकली का?" बाई म्हणाल्या, हाव, टाकली.

त्या दिवसापासून बायनाबाईंना एकच घोर लागला. आपल्यामागं ठेला घेऊन कोण येणार? आपल्या बादलीचं त्यांना काही वाटत नव्हतं. सदाफुली कुठंही जगते. पण हे सगळे, जे विश्वासानं आपल्या अंगणात येऊन राहिलेत, त्यांचं काय? आपल्यासोबत ते दुसऱ्यांदा मरणार. त्या घरोघर फिरल्या. मंडळात या म्हणाल्या. लोकांनी खुर्ची दिली, चहा दिला, गुणवंतरावांच्या आठवणी काढल्या आणि पाण्याचं कारण सांगितलं. नव्या कॉलनीतल्या बागेची कमिटी मात्र राजी झाली. सगळ्या कुंड्या घेतो म्हणाली, फक्त एकसारखा हिरवा रंग मारू, शोभा येईल.

"आन् नावं?"

"नावं कायले पाह्यजे, बाई? झाड तं झाडच आहे."

बायनाबाई उठून आल्या. हट्टी होत्याच त्या, गुणवंतरावांकडून झाडासोबत तेवढंही आलं होतं. घरी येऊन त्यांनी बुद्धमूर्तीसमोर रोजचं फूल ठेवलं आणि अंगणात बराच वेळ उभ्या राहिल्या. त्या दिवशी त्या कोणाशीच बोलल्या नाहीत. एवढी सगळी माणसं आजूबाजूला आणि उत्तर देणारं एकही नाही, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं, आणि मग ते जाणवणं काही जाईना.

होळी झाली आणि नळाजवळच्या शेवाळावरून त्या घसरल्या. रश्मीनं मशीन सोडून कुंपणावरून उडी मारली. एव्हाना तिची भीती मोडली होती, चहा-साखरेची देवाणघेवाण होती, पण कुंड्यांना हात लावायची तिला परवानगी नव्हती. बाई कोणालाच लावू देत नसत. खुब्याचं हाड मोडलं होतं. चंद्रपूरहून भाचा विक्की गाडी घेऊन आला, ब्रम्हपुरीच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. गाडीत घालताना बाईंनी रश्मीचा हात धरला. "पानी," त्या म्हणाल्या. रश्मी धावत जाऊन गिलास घेऊन आली.

"मले नाई वं. त्याइले."

ऑपरेशन झालं, आणि तिथून विक्कीनं त्यांना चंद्रपूरला आपल्या फ्लॅटवर नेलं. तिसरा मजला. भाचा चांगला, सून चांगली, दोघंही सकाळी डबे घेऊन कामावर. दिवसभर बाई पलंगावर आणि खिडकीत वीजकेंद्राची धुराडी. चंद्रपूरचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक असेल तर सांगायला नको, आणि ठाऊक नसेल तर सांगून पटणार नाही. दुपारी कूलर गरम हवा फेकायचा आणि बाई डोळे मिटून आपल्या अंगणातून चालायच्या. फाटकाजवळ पोस्टमन, मग सुभद्रा, पेरूखाली गुणवंतराव, भिंतीशी लटारूभाऊ. कोणाला किती पाणी, ते मनातल्या मनात घालायच्या. या उन्हात दोन दिवस पाण्याचा नागा झाला तरी मोगरा जातो, हे त्यांना माहीत होतं.

रश्मीला फोन करायच्या.

"बरे आहे का वं सगळे?"

"बरे आहे बाई, तुम्ही आराम करा."

"मोगऱ्याले कळ्या आल्या?"

"आल्या असतील."

असतील! बायनाबाईंनी फोन ठेवला. कुंपणापलीकडं राहणारी पोरगी 'आल्या असतील' म्हणते, म्हणजे काय ते त्या समजल्या. पुन्हा एकदा करून पाहिला तर रश्मीनं आपल्या मुलाच्या खोकल्याचं काढलं. त्यानंतर त्यांनी फोन करणंच सोडलं. खरं ऐकायची हिंमत नव्हती. सुनेनं एकदा विचारलं, डोळ्यांतून पाणी काऊन येते, तर म्हणाल्या कूलरची हवा लागते.

जेठ महिन्याच्या उन्हात विक्कीनं त्यांना वडशाला परत आणून सोडलं. राहा म्हणत होता, पण बाई ऐकेनात. हातात वॉकर. फाटक ढकललं आणि त्या तिथंच थबकल्या. अंगण रिकामं होतं. नुसतं रिकामं नव्हे, झाडलेलं होतं, आणि जिथं जिथं कुंड्या होत्या तिथं जमिनीवर गोल गोल डाग उरले होते. पोस्टमन नाही. सुभद्रा नाही. पेरूखाली काही नाही.

विक्की सामान आत ठेवून, औषधं समजावून निघून गेला. बाई पायरीवर बसल्या, लटारूभाऊ बसायचे तिथंच. रडू येईल असं त्यांना वाटलं होतं, ते आलं नाही. उलट छातीवरचं ओझं कोणी उतरवावं तसं एक क्षण हलकं वाटलं, सुटलो एकदाचे असं, आणि मग त्या हलकेपणाची इतकी लाज वाटली की त्यांनी पदर तोंडाला लावला.

तेव्हा त्यांना ती बादली दिसली. न्हाणीच्या भिंतीला, नेहमीच्या जागी. सदाफुली टंच फुललेली आणि माती ओली.

रश्मी कुंपणाशी येऊन उभी राहिली होती. आत येईना. चोरी पकडल्यासारखं तिचं तोंड झालं होतं.

"बाई, रागवू नोका. बोअर आटला. नळ एक दिवसाआड, तोबी करंगळीएवढा. एवढ्याइले पुरेना. मान टाकाले लागले सगळे. म्हटलं, मरून गेले तं बाईले काय तोंड दाखवू? मंग मी ते फाटकाबाहीर मांडून ठेवले. म्हटलं, ज्याले पाह्यजे त्यानं न्या."

"आन् नेले?"

"पहिले तं कोनी पाहेबी नाई. मंग पानठेल्यावाले चंदनभाऊ आले. उभे राहून नावं वाचत होते. म्हने, ह्या सुभद्राबाईनं मह्या बुढ्या मायच्या मयतीत मोगरा आनला होता. भर उन्हात चालत आली होती बाई. उचलला न नेला. मंग गावभर झालं. लोक नाव घेऊन मागाले येत. आमच्या बाबाले लटारूभाऊनं फुलं वाह्यली होती, त्याईची कुंडी कोनती? दुसऱ्या दिवशी एक नाई उरली." रश्मीनं नाक पुसलं. "तुम्हाले फोनवर सांगाची हिंमत नाई झाली, बाई. तुम्ही म्हटलं असतं, जा, वापस आन."

"म्हटलंच असतं," बायनाबाई म्हणाल्या. खोटं बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

बाईंनी न्हाणीच्या भिंतीकडे बोट केलं. "आन् हे काऊन ठेवली? सदाफुली कोनाले नको झाली?"

रश्मीनं असं पाहिलं, की जणू हे विचारायची गोष्टच नव्हती.

"तुमची कशी नेतील, बाई? हयात मानसाच्या कुंडीले हात लावत नाई न. लटारूभाऊचा किस्सा साऱ्या वडशाले मालूम आहे. चंदनभाऊच म्हने, बाई वापस येतील, त्याईची तिथंच राहू द्या. मी पानी टाकत होती."

रश्मीनं कुंपणावरून चहा दिला, तो त्यांनी घेतला. ती गेली, तिची मशीन चालू झाली.

ऊन कललं. नळ यायची वेळ झाली आणि गल्लीत घागरींचे आवाज सुरू झाले. बाई पायरीवरच बसून होत्या. मागच्या घरातून कोणीतरी बाई मोठ्यानं ओरडली, "अवं, लटारूभाऊले पानी टाकलं का?" आणि आतून एक पोरगी वैतागून म्हणाली, "टाकलं न माय, सकाळीच तं टाकलं."

लटारूभाऊ गेल्यापासून ही नावं बायनाबाईंच्या एकटीच्या तोंडात होती. आपण गेलो की ती बंद होतील, या भीतीनं त्या रोज मोठ्यानं घेत होत्या. आता ती गल्लीत होती, परक्या घरांत होती आणि चांगली ठणठणीत होती. हेच तर हवं होतं. पण उद्या सकाळी आपण कोणाला रागावणार, कोणाला गोंजारणार, हे काही त्यांना सुचेना. लटारूभाऊ मागच्या घरी गेले होते आणि त्यांची पायरी रिकामी होती. एवढी माणसं सुखरूप पोचवून झाली आणि आपण एकट्याच मागं राहिलो, असं त्यांना वाटलं, आणि आता मात्र त्या खरंच रडल्या.

मग नळ आला. वॉकर टेकत टेकत त्या उठल्या, तांब्या भरला आणि न्हाणीच्या भिंतीपाशी गेल्या. बादलीवरचं नाव बरंच उडालं होतं. या अंगणात त्या नावानं हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं, म्हणून त्यांनीच मारली.

"बायना," त्या म्हणाल्या, "पे वं पानी."